कीबोर्ड घेताना दिव्यांना भुलू नका

हरसूलमध्ये ज्या घरात संगणक आला आहे, तेथे बहुधा एकाच कीबोर्डवर दोघांचा हक्क असतो. मुलाला खेळ हवा असतो, मुलीला टंकलेखनाचा सराव. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग मागतात. म्हणून ही खरेदी आम्ही चैन मानत नाही. मात्र मजुरीचा पैसा वायाही जाता कामा नये.

साध्या कीबोर्डमध्ये बटणांखाली रबर असते. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्प्रिंगचा स्वतंत्र स्विच असतो, म्हणून तो जास्त टिकतो. सुमारे दोन हजार रुपयांत असे वायरचे कीबोर्ड मिळतात. पण रंगीत दिवे लावून 'मेकॅनिकल फील' असे लिहिलेले रबरी कीबोर्डही खपवले जातात. दुकानदाराला एक बटण काढून दाखवायला सांगा. खाली रबर दिसले तर जादा पैसे देऊ नका.

बहुतेक कंपन्यांचा निळा स्विच टकटक वाजतो. एका खोलीच्या घरात त्याने झोपमोड होते. लाल सरळ खाली जातो. तपकिरी हलकेच अडखळून बोटाला खूण देतो. खेळ आणि काम दोन्हींसाठी आम्हाला तोच बरा वाटतो. वायरच्या कीबोर्डला चार्जिंगची कटकट नसते. हिशेबाचे काम असेल तर उजवीकडे आकड्यांची बटणे असलेला घ्या. बटणांवर मराठी अक्षरे नसली तरी चालते. संगणकात इन्स्क्रिप्ट निवडता येते.

घरातला साधा कीबोर्ड चालू असेल, तर उसनवारी करून नवा आणू नका. वेग रोजच्या सरावानेच वाढतो.