सॉफ्टवेअर प्रकल्पातील खर्चनियंत्रण

सॉफ्टवेअर प्रकल्पातील खर्चनियंत्रण म्हणजे संगणकप्रणाली तयार करण्यासाठी व पुढे चालू ठेवण्यासाठी लागणारा पैसा आणि श्रम, प्रणालीची उपयुक्तता न घटवता, कमी करण्याची पद्धत होय. या खर्चाचा मोठा भाग सहसा मनुष्यबळावर होतो. प्रणाली जितकी अधिक वर्षे वापरात राहते, तितका देखभालीचा वाटा वाढत जातो. त्यामुळे खर्चाचा विचार केवळ निर्मितीपुरता न करता प्रणालीच्या संपूर्ण आयुष्याचा करावा लागतो.

खर्चाचा अंदाज

अमेरिकी अभियंता बॅरी बोहम यांनी १९८१ मध्ये 'कोकोमो' हे गणिती प्रारूप मांडले. त्यानुसार आज्ञावलीच्या आकारापेक्षा श्रम अधिक वेगाने वाढतात. काटेकोर निर्बंध असलेल्या प्रकल्पात आकार दुप्पट झाल्यास श्रम सुमारे २.३ पट होतात. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये असे प्रतिपादन केले, की रखडलेल्या प्रकल्पात माणसे वाढवल्यास तो आणखी रखडतो. नवख्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो, शिवाय परस्परसंवादही वाढतो. पाच जणांमध्ये संवादाच्या १० जोड्या असतात, तर दहा जणांमध्ये त्या ४५ होतात.

खर्च कमी करण्याचे मार्ग

* व्याप्ती मर्यादित ठेवणे: प्रथम अत्यावश्यक सुविधाच तयार करणे. न लिहिलेल्या आज्ञावलीला चाचणी लागत नाही आणि देखभालही लागत नाही.
* पुनर्वापर: एकदा तयार केलेला घटक अनेक ठिकाणी वापरणे.
* मुक्त स्रोत सॉफ्टवेअर: यात परवाना शुल्क सहसा नसते आणि मूळ आज्ञावलीत बदल करता येतो. भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय प्रणालींसाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची 'बॉस' ही कार्यप्रणाली मुक्त स्रोत लिनक्सवर आधारलेली आहे.
* लवकर चाचणी: आराखड्यातील चूक कागदावर दुरुस्त करणे स्वस्त पडते. तीच चूक प्रणाली वापरात आल्यानंतर सापडली, तर आज्ञावली आणि साठलेली माहिती दोन्ही दुरुस्त करावी लागतात.
* माहिती व आज्ञावली वेगळी ठेवणे: बदलण्याजोगी नावे, दर व मुदती आज्ञावलीत न लिहिता स्वतंत्र तक्त्यात ठेवणे.

नामांतराचे उदाहरण

शेवटच्या मार्गाचे महत्त्व धाराशिव जिल्ह्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलले. जिल्ह्याचे नाव दाखले, उतारे, अर्ज व अहवाल अशा अनेक ठिकाणी येते. ते प्रत्येक नमुन्यात स्वतंत्रपणे लिहिलेले असल्यास प्रत्येक जागा शोधून दुरुस्त करावी लागते आणि नंतर सर्व नमुन्यांची पुन्हा चाचणी घ्यावी लागते. नाव एकाच तक्त्यात असल्यास एक नोंद बदलणे पुरेसे ठरते.

तथापि, जुने नाव सरसकट पुसून नवे घालणेही योग्य नसते. नामांतरापूर्वी दिलेल्या दाखल्याची प्रत काढताना त्यावर त्या वेळचे नाव येणे आवश्यक असते; तसेच जुन्या नावाने शोध घेणाऱ्यालाही नोंद सापडली पाहिजे. म्हणून तक्त्यात प्रत्येक नावासोबत ते कधीपासून लागू आहे, ही तारीख ठेवली जाते आणि नोंदी नावाऐवजी सांकेतिक क्रमांकाने जोडल्या जातात. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत जिल्हे, तालुके व गावे यांना असेच क्रमांक दिलेले आहेत. जिल्ह्यातील वाहनांच्या नोंदणीची 'एमएच २५' ही खूणही जिल्ह्याच्या नावावर अवलंबून नाही.

महाराष्ट्रातील भूमी अभिलेख

पुनर्वापराचे मोठे उदाहरण म्हणजे सातबारा उताऱ्याचे संगणकीकरण. प्रत्येक जिल्ह्याने स्वतंत्र प्रणाली तयार करण्याऐवजी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेली 'ई-फेरफार' ही प्रणाली राज्यभर वापरण्यात आली. मात्र हस्तलिखित उताऱ्यांवरील माहिती संगणकात भरताना राहिलेल्या चुका केवळ आज्ञावलीने सुटणाऱ्या नव्हत्या. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचनाचा कार्यक्रम घेऊन उतारे खातेदारांना वाचून दाखवण्यात आले व त्रुटी नोंदवण्यात आल्या. त्यानंतर १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उपलब्ध करून देण्यास प्रारंभ झाला. माहितीची शुद्धता हा अशा प्रकल्पांतील स्वतंत्र खर्च असतो आणि अंदाजपत्रकात त्याची तरतूद करणे आवश्यक ठरते.

मर्यादा

सर्वच कपात बचत ठरत नाही. चाचणी, दस्तऐवजीकरण किंवा वापरकर्त्यांचे प्रशिक्षण यांवरील खर्च टाळल्यास तो पुढे देखभालीत प्रकट होतो. कधी त्याचा भार कार्यालयात हेलपाटे घालणाऱ्या नागरिकावर पडतो आणि प्रकल्पाच्या हिशेबात तो दिसतही नाही. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरलाही जुळवणी, प्रशिक्षण व सुरक्षा यांचा खर्च असतोच. म्हणून बचतीचे मोजमाप पहिल्या वर्षाच्या देयकांवरून न करता अनेक वर्षांच्या एकूण खर्चावरून केले जाते.

हे सुद्धा पहा

* मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
* सातबारा उतारा
* धाराशिव जिल्हा