जुन्या घराची कुळकथा – भाग ५ : मालक कोण आणि राहत कोण होतं?

अंबाजोगाईतल्या एखाद्या वाड्याचा निजामी काळातला कागद हुडकायचा असेल, तर तो मोमिनाबाद या नावाखाली शोधावा लागतो. त्या राजवटीत गावाचं सरकारी नाव तेच होतं. अंबाजोगाई ज्यात येतं तो बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. पुढे १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यात राहिला, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. दर वेळी दफ्तर बदललं, नमुने बदलले, भाषाही बदलली. आपल्याकडे घराचा माग काढणारे बहुतेक जण इथेच दमतात आणि "निजामाच्या काळातलं काही सापडत नाही" म्हणून सोडून देतात. पण चिकाटी धरली तर सापडतं.

मागच्या आठवड्यात आपण खरेदीखतं आणि फेरफार पाहिले. त्यावरून मालकी कळते. पण वाड्यात नांदली कोण, ढेळजेत कोणाचं दुकान होतं, मागच्या दोन खणांत भाड्याने कोण राहायचं, याचा पत्ता त्या कागदांतून लागत नाही. माझ्या मते घराचा खरा इतिहास राहणाऱ्यांचा असतो. मालकाचं नाव हा त्यातला एक धागा.

सातबाऱ्यापासून सुरुवात करू नका. सातबारा शेतीचा, गावठाणातलं घर त्यात येत नाही. खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही मागा. तिच्यात मालकाच्या नावाचा एक रकाना असतो आणि भोगवटा करणाऱ्याचा दुसरा. बहुतेक ठिकाणी दोन्हींत एकच नाव असतं किंवा दुसऱ्यात नुसतं 'स्वतः' लिहिलेलं असतं. जिथे दोन नावं वेगळी दिसतील, तिथे थांबा. तो भाडेकरू असेल, घरजावई असेल, विधवा बहीण असेल किंवा वाडा सांभाळायला ठेवलेला माणूस असेल. ही वही दर आकारणीला नव्याने लिहिली जाते, म्हणून फक्त चालू उतारा घेऊन भागत नाही. जुन्या वह्या कपाटातून काढून मागाव्या लागतात.

त्याहून मोलाचा कागद म्हणजे १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर. त्या वर्षीच्या जनगणनेबरोबर ते गावोगाव तयार झालं. घरांच्या क्रमाने, प्रत्येक घरात राहणाऱ्या माणसांची नावं त्यात उतरवली आहेत. मराठवाड्यासाठी ही वेळ फार महत्त्वाची आहे. मुक्तिसंग्राम आणि पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत कित्येक कुटुंबं घर सोडून गेली. काही संस्थानाच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांत जाऊन परतली, काही कायमची गेली, त्यांत हिंदू होती तशी मुसलमानही होती. त्यानंतर जेमतेम तीन वर्षांनी हे रजिस्टर लिहिलं गेलं. वाड्यात तेव्हा कोण होतं हे त्यात सापडलं, तर घरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्याच्याशी ताडून पाहता येतात. मात्र हे रजिस्टर सगळ्या गावांचं शिल्लक नाही.

२०२३ मध्ये आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा या रजिस्टरासकट खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं अशी दफ्तरं तपासली गेली. ज्यांना आरक्षणाशी काही कर्तव्य नाही अशा घरांनीही यातून एक गोष्ट घ्यावी : बांधून ठेवलेलं दफ्तर सोडलं, तर आत माणसं आहेत. शाळेच्या रजिस्टरात मुलाचं जन्मगाव, बापाचं किंवा पालकाचं नाव, कधी पालकाचा धंदाही मिळतो. वाड्यात भाड्याने राहिलेल्या मास्तरांचा किंवा पोस्टमनचा शोध त्यांच्या मुलांच्या नावावरून लागू शकतो.

१९४८ च्या मागे गेलात की कागद उर्दूत, तारीख फसलीत. साधारण हिशेब असा : फसली सनात ५९० मिळवा. फसली १३४७ म्हणजे १९३७-३८. पण वर्ष आजूर महिन्यात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सुरू व्हायचं. त्यामुळे आजूर, दै, बहमन अशा महिन्यांपैकी कोणता लिहिला आहे तेही पाहावं लागतं, नाहीतर एका वर्षाचा फरक पडतो. वाचणारा माणूस गावातच असतो. जुन्या मोहल्ल्यातले निवृत्त उर्दू शिक्षक मायेने वाचून देतात, हा माझा अनुभव आहे. मोडीसाठी मात्र जाणकार शोधावा लागतो.

आता बायका. महसुली कागदांत त्या जवळपास नाहीतच. नवऱ्यामागे वारस म्हणून लागल्या तर तेवढ्याच. त्यांच्यासाठी दोन ठिकाणी जा. पहिलं, त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पैठणच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या. गाव आणि आडनाव सांगितलं की ते तुमच्या घराण्याचं पान काढतात. यात्रेला कोण कोण आलं होतं, ती नावं तिथे असतात. पत्नी, आई, सून यांचीही.

दुसरं ठिकाण घरातच आहे. माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ खाली काढा, चिंचेने घासा आणि काठ उजेडात तिरका धरा. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव उमटतं : कोणाच्या लग्नात, कोणाकडून, कधीकधी त्यावर शकही. त्या शकात ७८ मिळवले की इसवी सन. सुनेचं माहेर कोणतं, आत्या कोणत्या गावी दिली होती, हे सात पिढ्यांच्या वंशावळीत लिहिलेलं नसतं. ते भांड्याच्या काठावर असतं.

एखाद्या घराण्याने वस्तू जपली तर ती किती टिकते, हे अंबाजोगाईतच दिसतं. संतकवी दासोपंतांचं निधन १६१५ मधलं. त्यांची वंशपरंपरा थोरलं देवघर आणि धाकटं देवघर अशा दोन घरांत चालत आली, आणि सुमारे ४० फूट लांब कापडावर त्यांनी लिहिलेली पासोडी आजही गावात आहे. चार शतकं ती राहिली, कारण दर पिढीने ती आपली जबाबदारी मानली.

सगळ्यांच्या घरी पासोडी नसते. पण वाडा पाडून स्लॅबचं घर बांधायचं ठरलं की आधी तुळया विकल्या जातात आणि पाठोपाठ भांडी किलोवर मोडीत जातात. बीड, गेवराई, माजलगाव, परळी, कुठेही हेच चाललं आहे. वाचकांना विनंती आहे : भांडी देण्याआधी प्रत्येकावरचं नाव एका वहीत उतरवून घ्या, काठाचा फोटो काढा, आणि ते नाव कोणाचं हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा. हे काम याच आठवड्यात करा. पुढच्या भागात खाणाखुणा पाहू : भिंती, बळद आणि आड.