बीपी नॉर्मल आहे, तरीही सावध!

पावसाळा लागला की होस्टेलवर जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढतात. रूम पार्टनर दिवसभर फेऱ्या मारून रात्री गप्प पडून राहतो आणि आपण म्हणतो, "झोपू दे बिचाऱ्याला." धोका नेमका इथेच असतो. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा विद्यार्थी, डॉक्टर नव्हे. पण हा विषय आपल्या कंट्रोल सिस्टीमच्या पेपरातलाच आहे, म्हणून लिहितोय.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. जुलाब-उलट्यांनी पाणी गेलं की त्याचं प्रमाण घटतं, पण बीपी लगेच पडत नाही. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या धमन्यांतले प्रेशर सेन्सर मेंदूला खबर देतात. मग हृदय जोरात धावतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. टाकी रिकामी होत असताना पंप जोरात पळवून नळाचं प्रेशर टिकवावं, तसंच हे. गेज ठीक, टाकी मात्र तळाला! तरुण शरीरात ही यंत्रणा दणकट असते. त्यामुळे आपण उशिरापर्यंत बरे दिसतो आणि मग एकदम कोसळतो.

म्हणून गेजपेक्षा पंपाकडे बघा:

१) नाडी : ३० सेकंद मोजून दुप्पट करा. स्वस्थ पडलेल्या माणसाची ६० ते १०० असते. तापातही ती वाढते. पण ताप नसताना शंभराच्या वर राहिली तर सावध व्हा.

२) लघवी : आधी गडद पिवळी, मग कमी. सहा-आठ तास झालीच नाही तर थांबू नका.

३) हातपाय : गार पडतात. नख दाबून सोडलं की २ सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं.

४) कातडी : पोटावर चिमूट घेऊन सोडा. ती सावकाश बसत असेल तर पाणी बरंच गेलंय. डोळेही खोल जातात.

५) उभं राहणं : उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी त्याला एकट्याला बाथरूमला पाठवू नका.

६) वागणं : आधी तहान आणि चिडचिड, नंतर सुस्ती. हाक मारल्यावर नीट बोलत नसेल, पाणी पिता येत नसेल, तर ती झोप नव्हे. सरळ १०८ ला फोन करा.

डेंग्यूत तर जुलाब न होताही हे घडतं. रक्तातला द्रव रक्तवाहिन्यांमधून बाहेर झिरपतो, आणि तोही बहुधा ताप उतरताना. त्यामुळे ताप गेला पण पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

पेशंट शुद्धीवर आहे आणि पिऊ शकतो, तोवर ओआरएस द्या. ग्लुकोज आतड्यातून आत जाताना मिठातलं सोडियम बरोबर नेतं आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. म्हणून नुसतं पाणी किंवा कोल्ड्रिंक पुरत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकीची साथ आली, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात घाला, २४ तासांत संपवा. पाकीट नसेल तर एक लिटरला ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट घोट द्या.

आणि एक करा. पेशंटच्या उशाशी कागद ठेवा: किती जुलाब, शेवटची लघवी कधी, दर तासाला नाडी किती. डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो. आकडे बिघडत चाललेत असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी रेक्टर सरांचं दार वाजवायला संकोच करू नका. आणि सरांनाही विनंती, "बीपी नॉर्मल आहे ना?" एवढंच न विचारता तो कागद बघा.