आरशासमोरची दहा मिनिटे

मन थाऱ्यावर नसले की त्याची पहिली खूण माणसाच्या अवतारावर दिसते. केस विंचरायचे राहून जातात, दाढी वाढते, रात्रीचा गाऊन दुपारपर्यंत अंगावर राहतो. अशा वेळी घरातील वडीलधारी बाई एकच उपाय सुचवते, ‘ऊठ, तोंड धू, वेणीफणी कर, म्हणजे बरं वाटेल.’ आजची नोकरदार मुलगी हाच उपाय आपल्या पद्धतीने करते. नको वाटणाऱ्या सोमवारी ती मुद्दाम आवडत्या रंगाची लिपस्टिक लावून लोकल पकडते. काजळाच्या एका रेघेने मनावरचे मळभ खरोखर दूर होते काय? की ही प्रसाधनांच्या जाहिरातींनी घातलेली भूल आहे?

या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र त्याला दोन अटी आहेत. पहिली, हा साज स्वतःच्या इच्छेचा हवा. दुसरी, त्याच्याकडून औषधाचे काम अपेक्षू नये. या अटी समजून घ्यायच्या तर आरशासमोर नेमके काय घडते ते पाहायला हवे.

कृती आधी, उत्साह नंतर

‘इच्छा झाली की करीन,’ असे आपण सहज म्हणतो. उदास मनाची अडचण अशी की तेथे इच्छाच प्रथम मावळते. इच्छा नाही म्हणून कामे टळतात, कामे टळल्याने समाधानाचे क्षण कमी होतात आणि ते कमी झाल्याने मन आणखी खचते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात या दुष्टचक्राकडे लक्ष वेधले. त्या विचारातून पुढे जी उपचारपद्धती आकाराला आली तिचे सूत्र अगदी साधे आहे. उत्साह येण्याची वाट पाहायची नाही. जमण्याजोगी लहानशी कृती ठरवून आधी करायची. मन तिच्या मागून येते.

या पद्धतीची एक महत्त्वाची चाचणी आपल्या शेजारी गोव्यात झाली. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेच्या सहकाऱ्यांनी तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याने ग्रासलेल्या ४९५ रुग्णांचा अभ्यास केला. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तर खास प्रशिक्षण दिलेले सामान्य स्थानिक नागरिक होते. सहा ते आठ भेटींत ते रुग्णाला आनंद किंवा समाधान देणाऱ्या कृती हळूहळू पुन्हा सुरू करायला मदत करीत. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के जणांचे नैराश्य ओसरले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. डिसेंबर २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

गोव्याचा हा अभ्यास सौंदर्यप्रसाधनांचा नव्हता, हे उघड आहे. पण त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व वेणीफणीला चपखल लागू पडते. ही कृती दहा मिनिटांत संपते. तिला सुरुवात असते आणि शेवट असतो. तिच्यासाठी कुणाला सोबत बोलवावे लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिचा परिणाम लगेच डोळ्यांना दिसतो. ज्या दिवशी हातून काहीच झाले नाही असे वाटते, त्या दिवशी निदान एक गोष्ट पूर्ण झाल्याची पोच आरसा देतो.

स्पर्श, गंध आणि ठरलेला क्रम

दुसरा भाग शरीराचा आहे. आपल्या केसाळ त्वचेत काही मज्जातंतू असे आहेत की ते झटपट स्पर्शापेक्षा संथ, हळुवार स्पर्शाला अधिक प्रतिसाद देतात. सेकंदाला सुमारे एक ते दहा सेंटिमीटर या गतीने फिरणारा हात त्यांना सर्वाधिक भावतो, असे संशोधनात आढळले आहे. वस्तू किती खरखरीत वा टोकदार आहे हे सांगण्यापेक्षा स्पर्श सुखद आहे, हे मेंदूला कळवण्याचे काम ते करतात. हातांवर तेल जिरवताना किंवा गालावर साय चोळताना आपला हात नकळत साधारण याच गतीने फिरतो.

गंधाची वाट तर आणखी जवळची आहे. दृश्य आणि ध्वनी यांचे संदेश मेंदूतील एका मधल्या ठाण्यातून पुढे जातात. गंधाचे संदेश मात्र भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांकडे थेट पोहोचतात. मोगऱ्याच्या गजऱ्याने उन्हाळ्याची सुट्टी आणि उटण्याच्या वासाने नरक चतुर्दशीची पहाट क्षणात उभी राहते, त्यामागे ही रचना आहे.

आपल्या पूर्वजांनी हे अनुभवाने ओळखले होते. आयुर्वेदाने अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावणे, दिनचर्येतच घातले आणि डोके, कान व तळपायांना ते विशेष लावावे असे सांगितले. चरकसंहितेत सुगंधी द्रव्ये व फुलांच्या माळा धारण करण्याचे जे लाभ सांगितले आहेत, त्यांत ‘सौमनस्य’ हा एक आहे. मनाची प्रसन्नता हा शृंगाराचा हेतू तेथे नोंदलेला आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

याला तिसरी जोड क्रमाची. आधी तेल, मग फणी, मग पेड, मग गजरा. किंवा आधी तोंड धुणे, मग पावडर, मग काजळ, मग टिकली. हा क्रम इतका अंगवळणी पडलेला असतो की विचार करावा लागत नाही. मनात तेच ते विचार घोळत असताना हातांना असे ओळखीचे काम मिळाले की तेवढा वेळ विचारांचा घाणा थांबतो.

चेहरा हरवतो तेव्हा

साजशृंगार म्हणजे सुखवस्तूंचे चोचले, असे वाटणाऱ्यांनी रुग्णालयातील चित्र पाहावे. कर्करोगावरील केमोथेरपीमुळे अनेकांचे डोक्यावरचे केस जातात, तसेच भुवया आणि पापण्याही विरळ होतात. त्वचा कोरडी व निस्तेज दिसते. आजाराचे दुःख असतेच. त्यात आरशातला चेहरा अनोळखी झाल्याचे दुःख मिसळते. अमेरिकेत १९८९ मध्ये ‘लुक गुड फील बेटर’ हा उपक्रम याच गरजेतून सुरू झाला आणि पुढे अनेक देशांत पोहोचला. त्यात प्रशिक्षित सौंदर्यतज्ज्ञ रुग्णांना विनामूल्य शिकवतात. गेलेली भुवई पेन्सिलीच्या बारीक रेघांनी कशी काढावी, स्कार्फ कसा बांधावा, टोप कसा निवडावा, नाजूक झालेल्या त्वचेची काळजी कशी घ्यावी, असे त्याचे स्वरूप असते. त्याने आजार बरा होत नाही, तसा दावाही नाही. पण भेटायला येणाऱ्याच्या नजरेला नजर देण्याचे बळ त्यातून मिळते.

जपानमध्ये शिसेइडो ही प्रसाधन कंपनी वृद्धांसाठी असेच वर्ग घेते. डबीचे झाकण फिरवणे, हात गालापर्यंत उचलणे, नेमका दाब देऊन रेघ ओढणे, यांत बोटांना आणि खांद्यांना व्यायाम घडतो, हाही त्यामागील विचार आहे.

याचे सर्वांत टोकाचे उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरचे आहे. जर्मनीतील बर्गन-बेल्सन ही छळछावणी १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्याने मुक्त केली. उपासमार आणि रोगराईने तेथे रोज शेकडो माणसे मरत होती. अशात मदतीच्या सामानाबरोबर लिपस्टिकचा मोठा साठा येऊन पोहोचला. गोनिन या ब्रिटिश लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याला प्रथम त्याचा संताप आला. त्याला हव्या होत्या त्या वस्तू वेगळ्याच होत्या. नंतर मात्र त्याने आपल्या नोंदीत त्या साठ्याचे मोल मान्य केले. अंगावर धड वस्त्र नसलेल्या स्त्रियांनी ओठ रंगवले होते आणि केवळ क्रमांक म्हणून जगलेल्या त्या बायकांना आपण पुन्हा माणूस झाल्याची जाणीव होऊ लागली होती.

हिरावून घेतलेला साज

शृंगाराची ही शक्ती आपल्या समाजालाही पुरेपूर ठाऊक होती. म्हणूनच तर ती कुणाला द्यायची आणि कुणाची काढून घ्यायची याचे नियम झाले. पती निवर्तला की बाईचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, जोडवी व मंगळसूत्र उतरवायचे; एके काळी काही जातींत केशवपनही करायचे. ज्या दिवसांत मनाला आधाराची सर्वाधिक गरज, त्याच दिवसांत त्या स्त्रीच्या हातून रोजची ही लहानशी कृतीही काढून घेतली जात असे, आणि तीही जन्मभरासाठी.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असे आवाहन केले. टिकली लावायची की नाही, हे ज्या बाईचे कपाळ तिने ठरवावे, एवढाच त्याचा अर्थ. दुःखात तिला साज नकोसा वाटला तर तेही तिचेच म्हणणे. लादलेला साज आणि लादलेला त्याग, दोन्ही सारखेच जाचक.

आनंद की धास्ती?

पहिली अट येथे लागू होते. आवड म्हणून केलेला साज मनाला उभारी देतो, धास्तीपोटी केलेला साज मन पोखरतो. ‘मेकअप केल्याशिवाय मी खाली दूध आणायलाही जाऊ शकत नाही,’ असे वाटू लागले तर तो आनंद राहिलेला नाही. मोबाइलमधील छायाचित्रे सुधारून पाहण्याच्या सवयीने ही धास्ती वाढवली आहे. गोरेपणाच्या क्रीमचा बाजार तर तिच्यावरच उभा राहिला. ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नावातील ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ केले. पण नाव बदलल्याने मनातील न्यूनगंड जात नाही. काही बिननावाच्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा असतो आणि तो मूत्रपिंडांना घातक ठरतो, हे तर प्रकृतीवरचेच संकट आहे.

बाजारालाही मनाची ही दुबळी जागा ठाऊक आहे. एस्टी लॉडर कंपनीचे प्रमुख लिओनार्ड लॉडर यांनी २००१ मध्ये असा ठोकताळा मांडला होता की मंदीत महागड्या वस्तू परवडत नाहीत तेव्हा स्त्रिया लिपस्टिकवर समाधान मानतात आणि तिची विक्री वाढते. पुढे हा नियम प्रत्येक वेळी खरा ठरला नाही. २०२० मध्ये तर तोंडावर मास्क आले आणि लिपस्टिकचा खप घसरला. उदासी घालवायला नवी खरेदीच हवी, असे नाही. बहुतेकींच्या कपाटात लागेल तेवढे आधीच पडलेले असते.

सुरुवात कशी करावी?

सुरुवात अगदी लहान असावी. पूर्ण तयारीचा संकल्प सोडून ‘आज फक्त केस विंचरायचे’ एवढेच ठरवावे. ते झाले आणि पुढे जावेसे वाटले तर जावे. वेळ ठरलेली ठेवावी, म्हणजे रोज नव्याने मनाशी वाद घालावा लागत नाही. रात्री झोप लागत नसेल तर कोमट पाण्याने पाय धुऊन तळपायांना तेल लावणे हाही साजच आहे. पुरुषांनी यात स्वतःला वगळण्याचे कारण नाही; नीट केलेली दाढी, डोक्याला मालीश आणि इस्त्रीचा शर्ट यांचे काम तेच आहे. अंथरुणाला खिळलेल्या आईची वेणी घालून दिली तर तो लाभ दोघांनाही होतो.

थोडी सावधगिरीही हवी. नवे प्रसाधन किंवा केसांचा रंग आधी कोपराच्या आतील बाजूला लावून पाहावा. टिकलीच्या गोंदाने काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. खाज सुटताच ती टिकली थांबवावी. काही सुट्या काजळांत व सुरम्यांत शिसे आढळले आहे, त्यामुळे मुलांच्या डोळ्यांत ते मुळीच घालू नये. काजळ आणि मस्कारा एकमेकींत वाटून वापरू नयेत. शस्त्रक्रियेपूर्वी नेलपॉलिश काढून टाकावे. बोटाला लावून प्राणवायूचे प्रमाण मोजणाऱ्या उपकरणाला त्याचा अडथळा होऊ शकतो.

येथे थांबून मदत घ्यावी

दुसरी अट सर्वांत महत्त्वाची. चार दिवसांची मरगळ आणि नैराश्याचा आजार यांत फरक आहे. दिवसाचा बहुतेक वेळ उदास जाणे, कशातच रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, स्वतःला निरुपयोगी समजणे, अशी लक्षणे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक टिकली तर डॉक्टरांना दाखवावे. आयुष्य संपवण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, विनामूल्य मिळते आणि मराठीतूनही बोलता येते.

घरच्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अंघोळ करणे, केस विंचरणेही ज्याला जमेनासे झाले आहे तो माणूस आळशी नसतो. ते न जमणे हेच आजाराचे लक्षण असू शकते. त्याला ‘जरा नीट राहा’ असे सुनावल्याने अपराधीपणा तेवढा वाढतो. त्यापेक्षा तेलाची वाटी घेऊन शेजारी बसावे आणि ‘केसांना तेल लावून देऊ का?’ असे विचारावे. तो ‘नको’ म्हणाला तरी उठून जाऊ नये. थोडा वेळ तसेच सोबत बसावे.