अजगराच्या पेटीतली ओल

मँचेस्टरला लेकीकडे गेलं की स्वेटरच्या आधी छत्री बाहेर काढावी लागते. गेल्या खेपेला मात्र बाहेरच्या पावसापेक्षा घरातल्या ओलीनंच जास्त छळलं. नातवानं अजगर पाळला आहे. दचकू नका, आपल्या रानातला तो अजस्र नव्हे. हा आफ्रिकेतला, साधारण चार-साडेचार फुटांपर्यंत वाढणारा, भ्याला की अंगाचा चेंडू करून बसणारा. तिकडे तो रीतसर दुकानात मिळतो. आपल्याकडे साप, घोरपड, स्टार कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि संरक्षित यादीतले परदेशी प्राणी बाळगायचे तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी करावी लागते. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर एखाद्या नातवाच्या हट्टाचं खापर माझ्या माथी फुटायचं.

अजगराची पेटी चार फूट लांब, लाकडी, पुढं सरकत्या काचा. थंड देशात लाकूड बरं पडतं, कारण काचेच्या टाकीपेक्षा त्यात ऊब टिकते. पण लाकूड म्हणजे काय, तर भुसा दाबून केलेली फळी आणि वर गुळगुळीत पांढरा पापुद्रा. या प्राण्याला हवेत साठ टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो, म्हणून पोरगा सकाळ-संध्याकाळ पंपानं पाणी फवारायचा. दोन महिन्यांत तळाच्या कडा भिजलेल्या खारीसारख्या फुगल्या, पाण्याच्या भांड्यामागं काळे ठिपके उमटले आणि पेटी उघडली की पावसाळाभर बंद राहिलेल्या ट्रंकेचा वास येऊ लागला.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण एका रात्री अजगराच्या श्वासातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला आणि नाकपुड्यांवर बुडबुडे दिसले. श्वसनमार्गाचा संसर्ग, डॉक्टर म्हणाले. ओली, कोंदट आणि पुरेशी ऊब नसलेली जागा सापाला हमखास बाधते. इंजेक्शनं सुरू झाली. पोरगा इतका धसकला, की त्यानं पाणी फवारणं साफ बंद करून पेटी खडखडीत कोरडी केली. परिणाम असा, की पुढची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि एका डोळ्यावर पापुद्रा तसाच राहिला. सापाला पापणी नसते; डोळ्यावरचा पारदर्शक खवला कातीबरोबरच उतरायचा असतो.

"आजोबा, पाणी मारलं तरी आजारी आणि नाही मारलं तरी आजारी. करू काय?"

मला आमच्या शाखेची रेकॉर्ड रूम आठवली. दर पावसाळ्यात मागच्या रांगेतल्या लेजरांना बुरशी यायची, पुढची ठणठणीत. आम्ही साहेब मंडळी पुसून घेत असू. शेवटी एक म्हातारा शिपाई म्हणाला, "साहेब, कपाट भिंतीपासून वीतभर पुढं घ्या, त्याला श्वास घेऊ द्या." पेटीचंही तेच झालं होतं. ती बाहेरच्या गार भिंतीला चिकटून, थेट जमिनीवर ठेवलेली. उबदार हवेतली वाफ गार पृष्ठभागाला लागली की तिचं पाणी होतं. मागची फळी रोज न दिसता भिजत होती.

अजगराला प्लास्टिकच्या डब्यात हलवून आम्ही स्वयंपाकघरात सुतारकाम मांडलं. फुगलेली फळी परत बसत नाही, ती बदलावीच लागते. पापुद्रा पाणी अडवतो. पाणी शिरतं ते कापलेल्या कडांतून, सांध्यांतून आणि वायरीसाठी पाडलेल्या भोकांतून. म्हणून नव्या फळीच्या प्रत्येक कडेला पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेन व्हार्निशचे तीन हात दिले, मधे मधे पॉलिशपेपर. सांध्यांत सिलिकॉन भरलं, पण माशांच्या टाकीसाठी मिळतं तेच. न्हाणीघरासाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते प्राण्याजवळ नको. कोकणात होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात, ते मला सुचलं होतं. पण त्यानं माणसाचीच कातडी सोलवटते, तेव्हा गप्प बसलो. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो. तो आणि व्हार्निशचा वास पुरता जाईपर्यंत, म्हणजे तीन आठवडे, पेटी उघडीच ठेवली. पोराला हा थांबण्याचा भाग सर्वांत जड गेला.

मग जाळीचे दोन झरोके पाडले, गार टोकाला खाली आणि दिव्याच्या टोकाला वर. गरम हवा वरून निघते, ताजी खालून येते. कौलारू घरात चुलीचा धूर जातो तसंच. पेटीखाली लाकडी ठोकळे, मागं वीतभर मोकळी जागा. फवारा बंद. त्याऐवजी झाकणाला भोक पाडलेला एक डबा, त्यात ओलसर शेवाळ, म्हणजे ओल हवी तेव्हा अजगरानं आत जाऊन बसावं. पाण्याचं भांडं थाळीत ठेवलं, सांडलं तर तिथंच राहील. गार टोकाला आर्द्रता मोजणारं घड्याळ, आणि काचेवर सकाळी दव दिसलं की झरोका तपासायचा.

माझ्या परतीच्या चार दिवस आधी अजगर त्या डब्यात शिरला आणि दोन रात्री बाहेरच आला नाही. तिसऱ्या सकाळी कात अखंड पडली होती, मोज्यासारखी उलटी, डोळ्यांच्या दोन्ही चकत्यांसकट. पोरानं ती जेवणाच्या टेबलावर पसरून टेपनं मोजायला घेतली. लेक म्हणाली, "मोजून झालं की टेबल पुसा. दोघांनीही."