कुंडीतल्या अनंताचे सासर

फुलझाड विकत घेताना आपण त्याचा रंग पाहतो, वास पाहतो, किंमत तर पाहतोच पाहतो. पण त्याचे माहेर कुठले, ही चौकशी करणारे गिऱ्हाईक विरळा! मुलीचे लग्न ठरवताना सतरा ठिकाणी विचारपूस करणारी माणसे रोपाची पाठवणी मात्र कुठूनही कुठेही करतात. मग वर्ष-दीड वर्षात त्याची पाने पिवळी पडतात, कळ्या उमलण्याआधीच गळतात, आणि घरात एकच वाक्य ऐकू येते, "आमच्या हाताला गुणच नाही." खरे म्हणजे यात हाताचा संबंध थोडा आणि पाण्याचा फार असतो.

अनंताचेच पाहा. पांढरेशुभ्र, घट्ट पाकळ्यांचे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सायीसारखे पिवळसर होणारे हे फूल देव्हाऱ्यात एक ठेवले तरी सारे घर दरवळते. उत्तरेकडे याला गंधराज म्हणतात. इंग्रजीत गार्डेनिया. हे नाव बागेवरून पडले असावे असे पुष्कळांना वाटते. पण ते अठराव्या शतकात अमेरिकेतल्या चार्ल्सटन गावी राहणाऱ्या अलेक्झांडर गार्डन या स्कॉटिश डॉक्टरांवरून पडले आहे. झाडाचे मूळ घर मात्र दक्षिण चीन आणि जपानच्या बाजूला. कॉफीच्या कुळातले हे झाड. त्यामुळे दमट हवा, भरपूर पाऊस आणि आंबट गुणाची माती ही त्याची जन्माची आवड. कोकणातल्या तांबड्या मातीत ते परसदारी, विहिरीच्या काठी, कोणी लक्ष दिले नाही तरी माणसाच्या डोक्यावर जाते.

आणि आमचे औसे? बालाघाटाच्या पठारावरचे हे किल्ल्याचे गाव. चांगल्या वर्षी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस, वैशाखात चाळिशीच्या पुढे जाणारा पारा, पायाखाली काळी माती आणि विंधनविहिरीचे जड पाणी. आमच्या तुरीला आणि हरभऱ्याला हे सारे अमृत. अनंताला मात्र हे सासर कडक!

वाटणीत मागितलेले झाड

आमच्याकडे अनंत आला तो २०१२ साली. हिचे माहेर सावंतवाडीकडचे. सासूबाई गेल्या, घर विकायचे ठरले, आणि भावांनी विचारले, "ताई, तुला काय हवे?" हिने विहिरीजवळच्या अनंताची गुटी मागितली.

"अगं, पाटल्या माग, समई माग! गुटी कसली मागतेस?" थोरल्या मेव्हण्यांना हसू आले.

"पाटल्यांना वास कुठे असतो?" ही म्हणाली.

गुटी मातीच्या गोळ्यासह डब्यात बसली आणि एस.टी.तून मांडीवरून औशाला आली. पहिले वर्ष तिने माहेरच्या मातीवर काढले. दुसऱ्या उन्हाळ्यात शेंड्याची पाने फिकट झाली, मग लिंबासारखी पिवळी. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. त्याच सुमारास सावंतवाडीहून कळले की नव्या मालकांनी विहिरीजवळचे मूळ झाड तोडले. आता सासूबाईंच्या हातचा अनंत जगात एवढाच उरला होता, तोही कुंडीत आणि आजारी.

झाड आजारी पडले की गावात वैद्यांना तोटा नसतो. एका शेजारणीने चुलीची राख घालायला सांगितली. दुसऱ्या म्हणाल्या, अंड्याची टरफले कुटून टाका. एका स्नेह्यांनी गंजके खिळे पुरण्याचा मंत्र दिला, तर कोणी दोन वेळा पाणी द्या म्हणाले. सल्ले सगळे प्रेमाचे होते; पण राख आणि टरफले या दुखण्याला विषासमान. का, ते आमच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी समजावून दिले.

भरल्या कोठाराशेजारी उपाशी

त्यांनी कुंडीतली चिमूटभर माती पाण्यात कालवली, त्यात सामू पाहण्याचा कागद बुडवला आणि म्हणाले, "सर, तुमचे झाड भरल्या कोठाराशेजारी उपाशी आहे."

सामू म्हणजे आंबटपणा मोजण्याचे माप. सात हा मध्य. त्याखाली आंबट, त्यावर खारट-चुनखडीचा गुण. अनंताला पाच ते साडेसहा मानवतो. आमच्या काळ्या मातीचा सामू आठाच्या आसपास, कारण तिच्यात चुनखडीचे खडे मिसळलेले असतात. पाने हिरवी राखायला झाडाला लोह लागते. ते काळ्या मातीत रग्गड असते, पण चुन्याच्या सहवासात ते विरघळत नाही, आणि न विरघळलेले अन्न मुळांना पिता येत नाही. म्हणूनच खिळे पुरून उपयोग नाही. उणीव लोहाची नाही, ते पचण्याची आहे. राख, टरफले आणि चुना सामू आणखी वर नेतात. नवी सिमेंटची कुंडीसुद्धा हेच करते. मातीची कुंडी बरी.

मातीवर उपाय केला तरी पाणी रोज नवा चुना आणून ओतते. तुमचे पाणी जड आहे की नाही, हे गृहिणींना प्रयोगशाळेत जाऊन विचारायला नको. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि तपेल्याच्या बुडाशी पांढरी पुटे बसतात, ते पाणी अनंताला घालू नये. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर टाकले जाते ते पाणी तर त्याहून क्षारयुक्त. झाडाला तेही नको.

उपचार

आधी झाड जिवंत आहे ना, ते पाहावे. फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर आशा आहे. पिवळेपणा कोवळ्या पानांत आणि शिरा हिरव्या, तर दुखणे लोहाचे. आधी खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी. आणि कुंडीतून कुजकट वास येत असेल तर मुळांना पाणी फार झाले आहे. तळाचे भोक मोकळे करावे.

मग माती बदलावी. मृगाचा पाऊस सुरू झाला की हे काम उत्तम. दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग नारळाचा भुसा. भुसा दोन-तीनदा धुऊन घ्यावा, कारण त्यात मीठ असते. तांबड्या मातीसाठी कोकण गाठायला नको. पलीकडे बीदरचे पठार जांभ्या दगडाचेच आहे. जुनी माती बांबूच्या कामटीने कडेकडेने सोडवावी, मुळांचा गड्डा फोडू नये. नवी कुंडी जुनीपेक्षा एकच माप मोठी असावी.

हिराकस घालण्याची जुनी चाल आहे. आंबट मातीत ती चालते. चुनखडीच्या मातीत हिराकस थोड्याच दिवसांत निकामी होते. तिथे चिलेटेड लोह, त्यातही ईडीडीएचए जातीचे, डब्यावर लिहिलेल्या मापाने द्यावे. पिवळी झालेली पाने सगळीच पुन्हा हिरवी होत नाहीत. नवी पाने कशी येतात, तिकडे लक्ष ठेवावे. ऊन सकाळी नऊ-दहापर्यंतचे पुरे. वैशाखातली झळ लागू देऊ नये.

आणि पाणी पावसाचे! आभाळातून पडताना औशाचे पाणी आणि सावंतवाडीचे पाणी सारखेच गोडे असते. चुना त्यात जमिनीत उतरल्यावर येतो. दहा चौरस मीटर पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे शंभर लिटर पाणी जमते. पहिली सर पत्रा धुण्यासाठी सोडून द्यावी. दोनशे लिटरची दोन पिंपे भरली की एका कुंडीचा उन्हाळा निघतो. डास होऊ नयेत म्हणून झाकण घट्ट हवे. पिंप संपलेच तर दहा लिटर जड पाण्यात अर्धा लहान चमचा लिंबूसत्त्व विरघळवावे आणि सामूच्या कागदावर सहा-साडेसहाचा रंग दिसतो का, ते पाहून घ्यावे.

दुष्काळातले फुलपात्र

एवढे करून अनंत हिरवा होतो न होतो, तोच २०१५ चा पाऊस रुसला. पुढचा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. माणसांना पाणी रेल्वेने येते आहे, तिथे फुलझाडाची काय कथा?

हिने फेब्रुवारीतच नियम घालून दिला होता. "अहो, प्यायच्या पाण्यातला थेंब कुंडीला जायचा नाही."

"तुझ्या आईची आठवण आहे ती," मी म्हणालो.

"आईनेही हेच सांगितले असते."

तिने झाड छाटून निम्मे केले, कारण पाने कमी तर तहान कमी. आलेल्या कळ्या खुडल्या. कुंडी पूर्वेच्या ओसरीत आणून तिच्यावर वाळक्या पानांचा जाड थर दिला. पिंपाच्या तळाशी उरलेले पाणी दोन घागरी भरले. त्यातले फुलपात्रभर एक दिवसाआड. त्या वर्षी अनंताला एकही फूल आले नाही. पण जूनमध्ये कुंडी अंगणात ठेवली तेव्हा खरवडलेली साल हिरवी होती, आणि आषाढात फुटलेली पालवी तर काळपट हिरवी, तेलाचा हात फिरवल्यासारखी!

त्यानंतर हिने पहिली गोष्ट केली ती गुट्या बांधण्याची. जिवाभावाचे झाड कधी एकटे ठेवू नये. आज आमच्या आळीत तीन घरी सासूबाईंचा अनंत आहे आणि एक पुण्याला मुलीच्या गच्चीत.

अझेलियाचे काय?

दार्जिलिंग, गंगटोकच्या सहलीहून पुष्कळ जण अझेलियाचे रोप घेऊन येतात. हिमालयातल्या बुरांशाचे हे भावंड. त्याचे दुखणे अनंताचेच, उपचारही तेच; फक्त पथ्य अधिक कडक. त्याची मुळे केसासारखी बारीक आणि उथळ असतात, म्हणून ते खोल लावू नये, कुंडी खुरपू नये आणि माती एकदाही पूर्ण सुकू देऊ नये. छाटणी फुले संपताच करावी, नाहीतर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात. मात्र खरे सांगायचे तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अझेलिया जगवणे ही तपश्चर्या आहे. ज्यांना दरवळ हवा आणि थोडी झोपही हवी, त्यांनी अनंतावर समाधान मानावे.

शेवटी एक विनंती, विशेषतः घर झाडून लखलखीत करणाऱ्या भगिनींना. दिवाळीच्या साफसफाईत परतीच्या पावसाने भरलेली पिंपे ओतून उपडी घालू नका. वैशाखात ते पाणी मागूनही मिळत नाही.