वऱ्हाडच्या उन्हात सुगंधी मेणबत्ती

अकोला-अमरावतीकडे वैशाखात पारा 45 अंशांच्या वर चढतो आणि सोयाबीनच्या तेलाचे मेण साधारण 50 अंशांच्या आसपासच वितळते; म्हणून पत्र्याच्या छपराखाली सुटी, उभी मेणबत्ती बाळगण्यापेक्षा जाड काचेच्या पेल्यात ओतलेली घ्यावी व ती झाकण लावून खालच्या फडताळात ठेवण्याची तजवीज करावी, हे श्रेयस्कर. येथील शिवारांतल्या पिकाचेच हे मेण, याचे मला विशेष अप्रूप वाटते.

प्रथम प्रज्वलनसमयी संपूर्ण पृष्ठभाग काठापर्यंत द्रवरूप होईतो ज्योत विझवू नये, अन्यथा वातीभोवती खड्डा पडून कडेचे मेण व्यर्थ जाते. लावण्यापूर्वी वात कातरून सुमारे 6 मिलिमीटर राखावी. लांब वात काजळी धरते. कूलरच्या झोतात मेणबत्ती लावूच नये, आणि तळाशी सेंटिमीटरभर मेण उरताच तिचा वापर थांबवावा, कारण तापलेली काच तडकते.